न वापरलेले बळ: कोरियातले जनरल थिमय्या, १९५३-५४

कोरियातली शस्त्रसंधी २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम इथे झाली. त्याआधी दीड वर्ष ती अडून राहिली होती, आणि मुख्यतः एकाच प्रश्नावर: ज्या युद्धकैद्याला मायदेशी परत जायचेच नाही, त्याचे काय करायचे? १९४९च्या जिनिव्हा कराराचे ११८वे कलम सांगते की लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवावे. चीन आणि उत्तर कोरिया या कलमावर बोट ठेवून बसले होते. ज्याला जायचे नाही त्याला ढकलून पाठवणार नाही, अशी अमेरिकेची १९५२च्या सुरुवातीपासूनची भूमिका होती. वाटाघाटी चालू होत्या तेव्हा आघाडीवर माणसे मरतच होती.

भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत यावर तोडगा मांडला आणि ३ डिसेंबर १९५२ रोजी तो ठराव मंजूर झाला. रशिया आणि चीनने तेव्हा तो झिडकारला. पण मार्चमध्ये स्टालिन गेला, वारे फिरले आणि ८ जून १९५३ रोजी दोन्ही बाजूंनी ज्या कार्यकक्षेवर, म्हणजे या कैद्यांबाबतच्या नियमावलीवर, सह्या केल्या तिचा सांगाडा बराचसा तोच होता. तटस्थ राष्ट्रांचा एक परतपाठवणी आयोग नेमायचा. त्यात स्वित्झर्लंड, स्वीडन, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. अध्यक्षपद आणि निर्णायक मत भारताचे. कैद्यांचा प्रत्यक्ष ताबा घेणारे सैन्यही एकट्या भारताचे.

अध्यक्ष म्हणून गेले लेफ्टनंट जनरल कोडंडेरा सुबय्या थिमय्या.

या माणसाच्या कारकिर्दीत कोरिया हे पाचेक महिन्यांचे प्रकरण आहे. निवृत्तीनंतर राजदूत झालेले आपले इतर सेनाधिकारी आहेत. करिअप्पा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, जयंतनाथ चौधुरी कॅनडात उच्चायुक्त होते. थिमय्यांना तसे पद कधी मिळाले नाही. तरीही लष्करी माणूस मुत्सद्दी होतो म्हणजे नेमके काय होते, हे पाहायचे असेल तर कोरियाचेच प्रकरण उलगडावे असे मला वाटते. कारण तिथे त्यांच्या हाती बंदुका होत्या, कायद्याचा एक अर्थ त्या वापरायला वाव देत होता, आयोगातले दोन सदस्य त्या वापरा म्हणत होते, आणि त्यांनी त्या वापरल्या नाहीत.

माणूस

जन्म १९०६, कोडगूमधले मडिकेरी. सँडहर्स्टचे शिक्षण, १९२६ मध्ये कमिशन. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातल्या आराकानमध्ये त्यांनी हैदराबाद रेजिमेंटची आठवी बटालियन चालवली. जानेवारी १९४५ मधल्या कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तीन बटालियन तीन भारतीय अधिकाऱ्यांकडे होत्या: थिमय्या, एल. पी. सेन आणि कोल्हापूरकडच्या वडगावचे शंकरराव थोरात. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळाले. यांतले थोरात पुढे कोरियात पुन्हा भेटतात. युद्ध संपता संपता थिमय्यांकडे ब्रिगेड आली. त्या युद्धात रणांगणावर पायदळाच्या ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ते एकमेव भारतीय.

फाळणीच्या वेळी ते पंजाबात होते, त्यानंतर काश्मीरमध्ये १९व्या डिव्हिजनचे प्रमुख. मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहला पहिले डाकोटा उतरवले तेव्हा त्या विमानात थिमय्या होते. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सुमारे साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी ला खिंडीत सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे चढवून त्यांनी लडाखचा रस्ता मोकळा केला. तिथे रणगाडे येतील हे समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हते.

हे सांगायचे कारण असे की कोरियात त्यांच्या संयमाला भित्रेपणा म्हणणारे लोक होते. बळ कुठे आणि किती वापरायचे हे ज्याने झोजी लाला दाखवले, त्याचा पानमुनजोमचा नकार वेगळ्या वजनाने वाचावा लागतो.

हाती दिलेले नियम

कार्यकक्षेचा आराखडा कागदावर सोपा होता. ज्यांना परत जायचे आहे त्यांना दोन महिन्यांत थेट पाठवून द्यायचे. उरलेले भारतीय ताब्यात. पुढचे नव्वद दिवस कैद्यांच्या मायदेशाच्या प्रतिनिधींनी त्यांना समजावून सांगायचे की घरी परत या, तुम्हाला काही होणार नाही. तरी जे जाणार नाहीत त्यांचा प्रश्न एका राजकीय परिषदेकडे, तीस दिवसांसाठी. तिथेही सुटले नाही तर एकशे विसाव्या दिवसानंतर ते नागरिक ठरतील आणि ज्यांना तटस्थ देशात जायचे आहे त्यांना तिकडे जायला मदत केली जाईल.

शिवाय एक वाक्य: परतपाठवणी घडवण्यासाठी किंवा रोखण्यासाठी कैद्यांवर बळ किंवा बळाची धमकी वापरायची नाही.

मग कैदी समजावणीच्या तंबूत यायलाच तयार नसेल तर? त्याला तिथवर ओढत नेणे म्हणजे ‘परतपाठवणीसाठी बळ’ झाले का? कार्यकक्षेत याचे उत्तर नव्हते. सगळे प्रकरण पुढे या फटीतच अडकले.

संयुक्त राष्ट्रांच्या, म्हणजे अमेरिका आणि दक्षिण कोरियाच्या, बाजूने ताब्यात आलेले कैदी २२,६०४. त्यांत चौदा हजार सातशेच्या आसपास चिनी, बाकीचे उत्तर कोरियाचे. दुसऱ्या बाजूने आले ३५९: ३३५ दक्षिण कोरियन, २३ अमेरिकन आणि १ ब्रिटिश. या सगळ्यांसाठी भारतीय दल होते साधारण सहा हजारांचे. त्याचे नाव कस्टोडियन फोर्स इंडिया आणि प्रमुख मेजर जनरल थोरात.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना शस्त्रसंधीच मान्य नव्हती. जूनमध्ये त्यांनी पंचवीस हजारांहून जास्त उत्तर कोरियन कैदी परस्पर सोडून दिले होते. भारतीय सैनिकांनी आमच्या भूमीवर पाऊल ठेवायचे नाही, असे त्यांनी बजावले. म्हणून इंचॉनला आलेल्या आपल्या जवानांना जहाजांवरून अमेरिकन हेलिकॉप्टरने उचलून दोन्ही सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले. सैनिकांनी तिथल्या आपल्या तळाला हिंद नगर असे नाव दिले.

काटेरी तारांच्या आत

साधारण पाचशे-पाचशे कैद्यांचे कुंपण घातलेले वाडे होते आणि कैदी आले तेच संघटित होऊन. दक्षिणेकडच्या छावण्यांत कम्युनिस्टविरोधी पुढाऱ्यांची पकड होती. झेंडे, घोषणा, रात्रीच्या बैठका. परत जायचे असे कुणी उघड म्हटले तर त्याला मारहाण, कधी त्याहून वाईट. ज्याला जायचे असेल तो संधी साधून कुंपणावर चढायचा आणि भारतीय पहारेकऱ्याच्या दिशेने धाव घ्यायचा. कुंपणापासून पहाऱ्यापर्यंतची ती धाव, हीच त्याची मतपेटी.

सप्टेंबरच्या अखेरीस अशाच एका माणसावरून गोंधळ झाला आणि चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला वाड्यात ओढून ओलीस धरले. वर्षभरापूर्वी, मे १९५२ मध्ये, कोजे बेटावर कैद्यांनी छावणीप्रमुख ब्रिगेडियर जनरल डॉड यांनाच पकडले होते. त्यानंतर अमेरिकनांनी रणगाडे आणि संगिनी घेऊन वाडे मोडले, त्यात तीसहून अधिक कैदी मेले. तो इतिहास निर्लष्करी पट्ट्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याला पाठ होता.

थोरात स्वतः मोजक्या सोबत्यांसह त्या वाड्यात शिरले. भोवती खवळलेला जमाव. ते कैद्यांशी बोलत राहिले आणि ग्रेवालांना बाहेर घेऊन आले. पुढे त्यांना या कामगिरीसाठी अशोक चक्र वर्ग दोन मिळाले, आजचे कीर्तिचक्र. आपल्याकडे थोरातांचे नाव निघते ते १९६२च्या आधी त्यांनी पूर्व सीमेबद्दल दिलेल्या इशाऱ्यासाठी. कोरियातली ही घटना तितकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकच गोळी सुटली असती तर आयोगाचे काम पहिल्या आठवड्यातच संपले असते.

ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत मात्र गोळीबार टळला नाही. वाड्यांतून बाहेर पडू पाहणाऱ्या जमावावर भारतीय सैनिकांना गोळ्या झाडाव्या लागल्या आणि काही कैदी मेले. री यांच्या सरकारने भारतीय दलावर चाल करून जाण्याची भाषा केली. आपले सहा हजार लोक एका बाजूला खवळलेले कैदी आणि दुसऱ्या बाजूला ते धमकावणारे सैन्य यांच्या मधे उभे होते.

बळाचा प्रश्न

१५ ऑक्टोबरला समजावणी सुरू झाली. प्रत्येक तंबूत पाचही देशांचे प्रतिनिधी, समोर समजावणारे, मधे कैदी. दोन दारे: एक मायदेशाकडे, एक परत छावणीकडे. पहिल्या दिवशी आलेल्या चिनी कैद्यांतल्या बहुतेकांनी आरडाओरडा करून छावणीचे दार गाठले. जगभरच्या वृत्तपत्रांत ते छापून आले आणि चीनची नाचक्की झाली. नंतर उत्तर कोरियाच्या कैद्यांची पाळी होती. ते वाड्यातून बाहेरच येईनात.

पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाचे म्हणणे असे: समजावणी ऐकणे हे कैद्याचे बंधनकारक कर्तव्य आहे. तिथवर आणणे म्हणजे परतपाठवणी नव्हे, म्हणून बंदीचे वाक्य इथे लागू होत नाही. पुढाऱ्यांना आधी वेगळे काढा, मग बाकीचे येतील. कायद्याच्या अंगाने हा युक्तिवाद कच्चा नव्हता. त्यात सत्यही होते, कारण पुढाऱ्यांची दहशत थिमय्या स्वतः पाहत होते. स्विस आणि स्वीडिश सदस्यांनी बळाला सरळ विरोध केला. बळ वापरले तर आपण आयोग सोडू, असे स्वित्झर्लंडने कळवले.

दोन विरुद्ध दोन. पाचवे मत थिमय्यांचे, आणि अंमलबजावणीही त्यांच्याच देशाच्या सैनिकांनी करायची. म्हणजे न्यायाधीश आणि शिपाई एकच. राजदूताच्या पेशातून आलेला अध्यक्ष कदाचित दोन मतांचा मजकूर तोलत बसला असता. थिमय्यांनी प्रश्न वेगळा विचारला: पाचशे जणांच्या, दगड आणि घडवलेल्या हत्यारांनी सज्ज वाड्यात सैनिक पाठवले तर किती मरतील? उत्तर शेकड्यांत होते. मग असे अनेक वाडे. आणि एकदा रक्त सांडले की बाकीचे कैदी कुंपणे तोडून बाहेर पडतील, दक्षिण कोरियाचे सैन्य हलेल आणि तीन महिन्यांची शस्त्रसंधी मोडेल. आयोगाच्या सर्व सदस्यांचे एकमत नसताना भारतीय दल बळ वापरणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि सोडली नाही.

या निर्णयाला काही लोक दुबळेपणा म्हणाले, काहींनी माणुसकी म्हटले. मला तो सर्वात आधी लष्करी निर्णय वाटतो. गर्दीत घुसलेल्या पलटणीचे काय होते हे त्यांनी पंजाबात पाहिले होते. कलमाचा अर्थ काय यावर त्यांच्याहून तरबेज लोक शिष्टमंडळात होते, मुत्सद्दी पी. एन. हक्सर त्यांत होते. पण कलमाचा अर्थ जमिनीवर उतरताना किती मृतदेह पडतील, हा हिशेब त्या टेबलावर थिमय्या आणि थोरातच मांडू शकत होते.

त्याची किंमतही मोठी होती. नोव्हेंबरमध्ये काही वाडे तयार झाले, तर समजावणाऱ्यांनी एकेका कैद्याला तासन्‌तास धरून ठेवायला सुरुवात केली. मग कैद्यांचे पुढारी अडून बसले. २३ डिसेंबरला मुदत संपली तेव्हा नव्वदांपैकी मोजकेच दिवस प्रत्यक्ष समजावणी झाली होती. बहुसंख्य कैदी त्या दोन दारांसमोर कधी उभेच राहिले नाहीत.

दोन्हीकडून नाराजी

सुरुवातीला अमेरिकन चिडले. आयोगाने कैद्यांना दिलेल्या निवेदनाचा सूर परत जाण्याकडे झुकलेला आहे, अशी त्यांची तक्रार होती. नंतर चीन आणि उत्तर कोरिया चिडले, की भारत गुंडांपुढे नमला. डिसेंबरअखेरच्या अंतरिम अहवालात भारत, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया एका बाजूला आले. ज्याला मायदेशी जायचे असेल त्याला ते चोरून आणि जिवाच्या भीतीने करावे लागते, असे त्या अहवालात स्पष्ट लिहिले होते. स्वीडन आणि स्वित्झर्लंडने वेगळा अहवाल दिला.

हा अहवाल मला थिमय्यांच्या बळ न वापरण्याच्या निर्णयाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपण ज्या दहशतीवर हात उगारला नाही, ती नव्हतीच असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. वॉशिंग्टनला ते आवडलेही असते. त्यांनी कृती एका बाजूला सोयीची केली आणि साक्ष दुसऱ्या बाजूला सोयीची दिली, कारण कृती आणि साक्ष दोन्ही त्यांना खऱ्या वाटत होत्या.

जानेवारीची कोंडी

राजकीय परिषद भरलीच नाही. २२ जानेवारी १९५४ची मध्यरात्र जवळ येऊ लागली. संयुक्त राष्ट्रांच्या सेनाप्रमुखांचे म्हणणे, मुदत संपली की कैदी आपोआप नागरिक, सोडून द्या. चीन आणि उत्तर कोरियाचे म्हणणे, समजावणी पूर्ण नाही, परिषद नाही, तेव्हा ताबा चालू ठेवा.

सोडून द्यावे, तर परिषदेचा टप्पा गाळून पुढच्या टप्प्यावर उडी मारल्यासारखे होई. ताबा चालू ठेवावा, तर त्याला मुदतीनंतर कशाचाही आधार नव्हता, आणि बावीस हजार माणसे त्या मध्यरात्री कुंपणे तोडणार हे उघड होते. मग तोच बळाचा प्रश्न पुन्हा आला असता, या वेळी एकाच रात्रीत.

थिमय्यांनी तिसरी वाट काढली. १४ जानेवारीला त्यांनी दोन्ही सेनाप्रमुखांना पत्र लिहिले: कैद्यांना सोडण्याचा अधिकार आयोगाला नाही आणि ठेवून घेण्याचाही नाही, म्हणून २० जानेवारीपासून ज्या बाजूने जे कैदी सोपवले होते ते तिला परत. पुढची प्रक्रिया पूर्ण न करता त्यांना नागरिक जाहीर करणे कार्यकक्षेला धरून होणार नाही, हेही त्यात होते.

दोन्ही बाजूंनी निषेध केला आणि दक्षिणेकडे २० आणि २१ जानेवारीला कैदी रांगा करून परत गेले. चौदा हजारांवर चिनी तैवानला रवाना झाले. उत्तरेच्या बाजूने आपले ३४७ परत घ्यायला आधी नकार दिला. काही दिवसांनी रेडक्रॉसच्या हातून तेही गेले. दक्षिणेकडच्या बावीस हजारांपैकी मायदेशी परतले ते अवघे ६२८. त्यांतले कितीतरी कुंपणावरून उडी मारून आलेले. दोन्हीकडे जायचे नाही असे म्हणणारे ८८ जण भारतीय दलाबरोबर जहाजाने मद्रासला आले. पुढे त्यांतले बरेच ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही इथेच राहिले.

या निर्णयाला पळवाट म्हणणारे आहेत, कारण कैद्यांचे पुढे काय होणार हे थिमय्यांना माहीत होते. माहीत होतेच. पण त्यांनी भारताच्या सहीने कार्यकक्षेचा भंग होऊ दिला नाही आणि रक्तही सांडू दिले नाही. त्या आठवड्यात या दोन्ही गोष्टी साधणारी दुसरी वाट मला तरी दिसत नाही.

फेब्रुवारीत आयोग बरखास्त झाला. आयझेनहॉवर यांनी नेहरूंना पत्र लिहून भारतीय दलाच्या कामाची मनापासून प्रशंसा केली. थिमय्यांना पद्मभूषण मिळाले.

पुढे

मे १९५७ ते मे १९६१ ते लष्करप्रमुख होते. १९५९ मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी बिनसून त्यांनी राजीनामा दिला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या मेनन यांच्या ठरावातून थिमय्यांचे कोरियातले काम जन्माला आले, त्यांच्याशीच हा संघर्ष झाला, एवढे इथे नोंदवतो. जुलै १९६४ मध्ये जनरल ग्यानी यांच्यानंतर सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेची सूत्रे त्यांच्याकडे आली. पुन्हा दोन समाज, ग्रीक आणि तुर्की, मधे मोजके सैनिक, आणि बळ वापरण्यावर कडक मर्यादा. महिन्याभरातच वायव्य किनाऱ्यावर लढाई पेटली आणि तुर्की विमानांनी बाँबफेक केली. तिथल्या कामातच १८ डिसेंबर १९६५ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. सायप्रसने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. लार्नाकामध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

एक त्रुटी

चर्चा नेहमी बळ वापरायला दिलेल्या नकाराची किंवा जानेवारीच्या पत्राची होते. माझ्या मते खरी संधी सप्टेंबरमध्ये होती, आणि ती निसटली. कैदी ताब्यात घेतले ते जसे संघटित होऊन आले तसेच, पुढाऱ्यांसकट, त्याच गटांत. दक्षिणेकडून पाचशे-पाचशेंच्या तुकड्या येत असतानाच, कुंपणाआड जाण्यापूर्वी, त्यांची नव्याने वाटणी करणे हा एकच क्षण असा होता जेव्हा पुढाऱ्यांची पकड कमी बळात सैल करता आली असती. एकदा वाडे भरले की तीच गोष्ट करायला पलटण लागणार होती.

याला बचाव आहे. दल अजून उतरतच होते, चिनी आणि कोरियन बोलणारे दुभाषे पुरेसे नव्हते, आणि आल्या आल्या फोडाफोड केली असती तर री यांना हवे ते निमित्त मिळाले असते. कार्यकक्षा लिहिणाऱ्यांनीही ताबा कसा घ्यायचा यावर जवळपास काही लिहिले नव्हते. वाटाघाटींच्या टेबलावर ही बारीक बाब कुणाला सुचली नाही, कारण तिथे थोरातांसारखा छावणी चालवणारा माणूस बसलेला नव्हता. थिमय्यांना जूनमध्येच, मजकूर ठरण्याआधी विचारले गेले असते, तर पहिली मागणी याच वाटणीची झाली असती असे मला वाटते.